दोघांच्या नावाचं पीप

गोदामवाल्याने लाकडी हातोडीने बुचाच्या दोन्ही अंगांना हलके ठोके दिले, तसे पिपाच्या पोटावरचे बूच सैल होऊन वर आले. त्याने ते उपटले, आत लांब नळी सोडली, वरचे तोंड अंगठ्याने दाबले आणि भरलेली नळी बाहेर काढली. तीन ग्लासांत थोडी थोडी व्हिस्की पडली.

"मला नको," वहिनी म्हणाल्या. "मी घेत नाही."

"समोर असू द्या, बाई. मालकीण आहात."

"अर्ध्या मालकीण," धाकटा म्हणाला.

"हो, अर्धी. तुम्हीही अर्धेच. ते विसरू नका."

गोदामवाल्याने मान खाली घालून नळी पुसली. दीर-भावजयीत विस्तव जात नाही हे त्याला ठाऊक होते. सकाळी दोघे एकाच बसने आले होते, पण एक पुढच्या दाराने उतरला आणि दुसरी मागच्या.

पीप दोन भावांनी तरुणपणी मिळून भरून ठेवले होते. पुढे थोरल्याने बार काढला आणि धाकटा चवीवर लिहू लागला. दर आठवड्याला त्याचे सदर छापून येई. त्याच्या एका ओळीवर बाटल्या खपत किंवा धूळ खात पडत. वाचक त्याला विंचू म्हणत आणि ते त्याला आवडत असे. थोरल्याने हौसेने आपल्या बारची स्वतःची व्हिस्की काढली, तेव्हा विंचवाने सख्ख्या भावालाही सोडले नाही. 'ही पिण्यापेक्षा ग्लास विसळलेले पाणी बरे,' असे त्याने लिहिले. वर्षाच्या आत बारला कुलूप लागले. तेव्हापासून वहिनींनी त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. थोरला गेला त्या दिवशीसुद्धा हा अंगणात उभा राहूनच परतला. थोरल्याचा अर्धा वाटा वहिनींकडे आला आणि दोघांची संमती असल्याशिवाय पिपाला हात लागणार नव्हता.

"आता थांबण्यात अर्थ नाही," गोदामवाला म्हणाला. "दरवर्षी थोडी हवेत उडून जाते आणि तिच्याबरोबर जोरही उतरतो. मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या खाली गेला की कायद्यानं तिला व्हिस्की म्हणता येत नाही. आत्ता काठावर आहे. उन्हाळा काही काढायची नाही. बाटल्यांत भरायची तर याच महिन्यात भरा."

"माझी अट मी कळवली आहे," वहिनी म्हणाल्या. "बाटलीवर आधी यांचं नाव, मग तुमचं."

ही अट धाकट्याला खुपत होती. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या बाटल्यांना गुण देत आला होता. एक तरी बाटली आपल्या नावाची निघावी, त्या नावाला शेजारी नसावा, एवढेच त्याला हवे होते. रस्ता त्याने घरीच आखून ठेवला होता. माल बिघडला आहे म्हणायचे. नवऱ्याच्या नावाला जपणारी ही बाई आपण होऊन ते नाव काढून घेईल. मग मोठ्या मनाने म्हणायचे, राहू द्या, बदनामी माझ्या एकट्याच्या नावावर होऊ दे.

त्याने ग्लास देठाला धरून उचलला, ओठ जरासे विलग ठेवून नाकाजवळ नेला, आणि हात तिथेच थांबला. वाळलेली संत्र्याची साल. कपाटाच्या लाकडाला लावतात ते मेण. त्यामागून, विझून गेलेल्या चुलीचा असावा तसा लांबचा धूर. त्याने डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण वहिनी बघत होत्या. पाण्याचे दोन थेंब टाकून त्याने घोट घेतला. चव नोंदवून घोट थुंकून टाकायचा, हा त्याचा धंद्याचा नेम होता. थुंकायला पत्र्याचा डबा पुढे ठेवलेला होता. घोट घशाखाली गेला.

गोदामवाल्याने ते पाहिले.

"बोला," वहिनी म्हणाल्या. "की शब्द जुळवताय?"

"लाकडानं खाल्लंय हिला."

"म्हणजे?"

"फार दिवस राहिली पिपात. आता नुसता लाकडाचा काढा आहे. तुरट. शेवटाला तर जीभ सोलवटते."

"वाईट आहे, असं सरळ म्हणा."

"वाईट आहे."

गोदामवाला खाकरला. "साहेब, नळीच्या तोंडाशी कधी कधी पहिली धार नीट येत नाही. दुसरी काढून देऊ? पुन्हा एकदा बघा."

"मी तीस वर्षं हेच करतोय."

"ते खरंच. तरी म्हटलं."

"नको."

गोदामवाल्याने नळी भिंतीला टेकवली आणि तो उगाचच शेजारच्या पिपावरची धूळ झटकू लागला.

वहिनींनी समोरचा ग्लास उचलला. औषध घ्यावे तसा त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडे केले, मग थोड्या थांबल्या.

"आधी भाजली. आता गोड लागतेय," त्या म्हणाल्या. "पण मला काय त्यातलं कळतंय."

"सवय नाही तुम्हाला."

"नाही ना." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मग यांचं नाव हिच्यावर जाणार नाही."

धाकटा पुढे सरकला. आता बोलायचे होते ते त्याने बसमध्ये मनातल्या मनात दहादा म्हणून पाहिले होते. "तेच म्हणतो मी. दादाचं नाव कशाला खराब करायचं? माझ्या एकट्याच्या नावानं जाऊ दे. शिव्या मी खाईन."

"तुमच्याही नाही."

"म्हणजे?"

"ज्या मालावर यांचं नाव नको, तो बाजारातच जायला नको. माझी संमती नाही." त्या गोदामवाल्याकडे वळल्या. "लावा बूच. जायची तेवढी हवेत जाऊ दे, उरेल त्यानं फरशी पुसा."

"वहिनी, जरा विचार करा—"

"केला. तुम्ही सांगितलंत आणि मी केला."

गोदामवाल्याने धाकट्याकडे पाहिले, पुरेसा वेळ पाहिले. धाकटा ग्लासाच्या तळाशी बघत बसला होता. मग हातोडी उचलली गेली आणि बूच ठोक्याठोक्याने आत गेले.

बसथांब्यावर एकच बाक होता. वहिनी एका टोकाला बसल्या. तो उभाच राहिला.

"बसा. मी काही चावत नाही. ते काम तुमचं."

तो बसला. बराच वेळ रस्त्यावर काही आले नाही.

"खरं सांगू?" त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "येताना मी ठरवून आले होते, हा माणूस स्तुतीच करणार. स्वतःच्या मालाला कोण नावं ठेवतो? तोंड भरून बोलला असतात, तर तुमचं काय ते समजून गेले असते." त्यांनी पदराने कपाळ पुसले. "बारचं ते तुम्ही लिहिलंत ना, तेव्हा यांनी ते वाचून राहिलेल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. मी रडत होते, तुम्हाला शिव्या देत होते. तर म्हणाले, जीभ विषारी आहे त्याची, पण खोटी नाही. मला वाटायचं, हे भावाचं झाकतायत. आज बघितलं."

धाकट्याचे बोट बाकाच्या फटीत फिरत राहिले.

"स्वतःचं नुकसान करून खरं बोललात," त्या म्हणाल्या. "भावोजी, इतकी वर्षं मी तुम्हाला पाण्यात पाहिलं. मनात ठेवू नका."

भावोजी. हा शब्द त्याने बार बंद झाल्यापासून ऐकला नव्हता. व्हिस्कीची चव अजून त्याच्या तोंडात होती. उतरायचे नावच घेत नव्हती.

"वहिनी, ते पीप..."

"जाऊ द्या ते पीप. तुम्ही एकदा सांगितलंत, संपलं. पुन्हा कशाला उकरायचं?" त्या किंचित हसल्या. "रविवारी घरी या. यांची पुस्तकं तशीच पडलीत. त्यातली निम्मी तुमचीच असतील. पाठवतो म्हणायचे, मीच पाठवू दिली नाहीत."

वळणावर बस दिसली. त्याने तोंड उघडले, ती थांब्याशी येऊन उभी राहीपर्यंत उघडेच ठेवले आणि मग मिटले.

दोघे पुढच्याच दाराने चढले. वहिनींनी त्याला विचारले नाही. दोघांची तिकिटे त्यांनीच काढली, खिडकीची जागा त्याला दिली आणि त्या शेजारी बसल्या.