गुरांच्या भिंतीतला वळसा

रोपाच्या एका पानाच्या टोकाचा जांभळट काटा खालच्या पानाच्या काट्याच्या रेषेत नव्हता. किंचित डावीकडे सरकला होता, आणि त्याच्या वरचा त्याहून थोडा अधिक... मालिनेओने डोळे मिटले, पुन्हा उघडले. डोळ्यांना हवं तेच दिसतं, हे ती जाणून होती. म्हणून तिने काट्यांवरून लोकरीचा धागा ताणून धरला. धागा काट्यांना सोडून गेला.

बी पेरून वाढवलेला खारेत्सा, म्हणजे कड्यावरची कोरफड, वळत नाही, पानांचा फिरता वळसा घेत नाही — डोंगराने वाढवलेलाच वळतो — असं सासूचं मत, म्हणजे गावाचंच. आज बायका कुदळी घेऊन कड्यावर निघणार, तिथली उरलीसुरली झाडं खणून प्रवाशांना विकणार, आणि ती कोणाच्या तरी सपाट अंगणात, मायेने पाणी घातल्यामुळेच, गाभ्यातून कुजणार... तिची पहिली रोपंही तशीच गेली होती. कड्यावर झाड तिरकं असतं, गाभ्यात पाणी साचत नाही — एवढंच! मग उरलेली रोपं तिने गुरांच्या आवाराच्या दगडी भिंतीत तिरकी बसवली. बियाचं वळलं, तर विकायला तीच होतील, कडा खणावा लागणार नाही. सुनेने त्या आवारात पाऊल टाकायचं नसतं. भिंतीची बाहेरची बाजू मात्र कोणी निषिद्ध केलेली नव्हती.

"काय गं, भिंतीशी लग्न लावतेस का? तिकडे चुलीवर मक्याचा पापा करपला!" सासूची हाक आली.

"म्मे, जरा इकडे या. वळतंय."

"वळतंय म्हणजे वळलं नाही," म्हणत सासू खांद्यावरची कुदळ सावरत आली. वाकली. पानाला न शिवता बोट हवेत फिरवत राहिली — एक फेरा, मग दुसरा.

"शेणावर पोसलंय, म्हणून."

"असेल. पण बियाचंच आहे."

"तोंड फार चालतं तुझं." सासूने कुदळ भिंतीला टेकवली आणि वाटेवरून निघालेल्या बायकांकडे वळून ओरडली, "माथाबो! थांबा गं सगळ्या! कुदळी ठेवा खाली. आमचं वळलं!"

आमचं... एका झाडावरून काही सिद्ध होत नाही. शेजारची तिन्ही अजून सरळच आहेत, आणि पुढच्या उन्हाळ्यात बायका थांबतील असंही नाही. हे सगळं मला माहीत आहे, मालिनेओ स्वतःला बजावत होती, आणि धागा मात्र तिच्या बोटाभोवती डावीकडून, आपोआप, गुंडाळला जात होता — ती त्याला थांबवत नव्हती.