पहिली शेंग

तामलवाडीच्या शिवारात उत्तरेश्वरकाकांचं रान कुठलं म्हणून विचारलं, तर कुणीही बोट दाखवून सांगेल. औषध न मारता शेती करणाऱ्यांचा गट त्यांनीच उभा केला, आणि नव्या माणसांना ते शिकवायचे तेही आपल्याच बांधावरच्या कडुनिंबाखाली. दहा झाडांचा पाला गोमूत्रात कुजवून दशपर्णी अर्क कसा करायचा, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की बायको म्हणायची, आमचे हे झोपेतसुद्धा पाला मोजतात. गटातली माणसं त्यांना मास्तर म्हणत. शाळेत सातवीच्या पुढं पाऊल पडलं नव्हतं, म्हणून ती हाक काकांना जरा जास्तच गोड लागायची.

गटाचा एक रिवाज होता. महिन्यातून एकदा एकाच्या रानात फेरी व्हायची. सगळ्यांनी पीक बघायचं, माती उकरून बघायची, आणि शेवटी रानाच्या मालकानं उभ्या पिकातलं काहीतरी तोडून, न धुता, सगळ्यांदेखत खायचं. मग बाकीच्यांनी. त्यांच्यात शिक्का नाही, कागद नाही, एवढाच काय तो दाखला. रिवाज पाडला होता काकांनीच. "जे झाडावरनं तोडून खाता येत न्हाय, ते दुसऱ्याच्या ताटात वाढायचं न्हाय," असं ते छाती काढून सांगायचे.

या खेपेची फेरी दीपालीच्या रानात ठरली होती. दीपाली गटात सगळ्यात नवी. सासऱ्याशी वाद घालून तिनं एक एकर आपल्या हातात घेतलं होतं आणि काकांनी सांगितलं तसं, शब्दन्‌शब्द पाळून, तूर केली होती. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"काका, माझ्या रानात दाखवण्याजोगं काय राह्यलं न्हाय. अळीनं खाल्लं सगळं. फेरी तुमच्याकडंच ठिवा. नव्या लोकांना एक चांगलं पीक तरी दिसंल."

"बरं," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि त्यांना घाम फुटला.

कारण त्यांच्या तुरीवर अळी नव्हती खरी, पण ती काही दशपर्णीनं गेलेली नव्हती. मंगळवारी गाव बाजाराला गेलेलं बघून काकांनी दुकानातली बाटली पंपात ओतली होती आणि भराभरा सगळी तूर भिजवून काढली होती. पिकाची फिकीर होती म्हणून नव्हे. तेवढं नुकसान त्यांनी आधीही सोसलं होतं. पण आता पार भूम तालुक्यातून माणसं त्यांचं रान बघायला यायची, आणि मास्तरची तूर अळीनं खाल्ली असं कुणी म्हटलेलं त्यांना ऐकवलं नसतं. नाकापायी माणूस काय करून बसतो ते त्यांचं त्यांना मंगळवारीच कळलं होतं. बाटली त्यांनी खड्डा करून पुरली.

रविवारी सकाळी सतरा माणसं आली. दीपाली आपल्या दोन वर्षांच्या लेकीला, राजीला, कडेवर घेऊन आली होती. म्हाळसाबाई, गटातली सगळ्यात थोरली बाई, शेंगा हलवून हलवून बघत ओळीतून फिरल्या.

"अळी न्हाय एक," त्या म्हणाल्या. "पर मास्तर, कोळीबी दिसंना कुठं. पाखरूबी बसंना."

"थंडी हाय न्हवं," काका म्हणाले. खोटं बोलायची सवय नसली की आवाज उगाच मोठा निघतो.

मग ती वेळ आली. काकांनी एक शेंग तोडली, सोलली आणि दाणे तोंडात टाकले. एका शेंगेनं कोण मरतं, असा त्यांनी मनाशी हिशेब केला होता. सगळ्यांनी हात पुढं केले. दीपालीनं एक टपोरा दाणा काढला आणि राजीच्या ओठाशी नेला.

काकांनी झडप घालून तिच्या हातावर फटका मारला. दाणा मातीत पडला. पोर रडायला लागली.

"देऊ नगं तिला. कुणीच खाऊ नका." "म्या औषध मारलंय. मंगळवारी."

दीपाली लेकराला थोपटत राहिली. मग हळू म्हणाली, "मंगळवारी तर म्या तुमाला फोन केलता."

केला होता. सासरा पंप भरून बांधावर उभा आहे, काय करू, म्हणून विचारत होती. "धीर धर पोरी, इमान सोडू नगंस," असं काकांनी तिला सांगितलं होतं, आणि तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात उघडी बाटली होती. ते ऐकून तिनं सासऱ्याचा भरलेला पंप जमिनीवर ओतून दिला होता. हे आठवलं आणि काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण कुणी देईना.

"हात धुवायला पाणी द्या," म्हाळसाबाई एवढंच म्हणाल्या.

काकांनी हौदातनं बादली भरली. एकेक जण वाकून हात पुढं करायचा, काका तांब्यानं पाणी घालायचे. सतरा जणांत एकानंही त्यांच्याकडं मान वर करून बघितलं नाही. लाज एवढी जड असते हे त्यांना साठाव्या वर्षी कळत होतं. दीपालीनं राजीची बोटंसुद्धा एकेक करून चोळली.

"आता माझ्या रानात चला," ती म्हणाली. "फेरी पुरी करू. काका, तुमीबी या."

तिच्या तुरीची अगदी रया गेली होती. शेंगाशेंगांना भोकं. तिनं शोधून एक धड शेंग काढली, रिवाजाप्रमाणं पहिल्यांदा स्वतः खाल्ली. मग लोक पांगून शेंगा शोधायला लागले, आणि जी सापडेल ती न बघता तोंडात टाकायला लागले. दीपालीनं एक शेंग काकांपुढं धरली. त्यांनी सोलली. तीन दाण्यांतला एक पोकळ होता, दोन चांगले होते.

"म्होरल्या साली तुमच्या रानात फेरी लावू," दीपाली म्हणाली. "पर मालकानं आदी खायचं न्हाय. पयली शेंग राजीला द्यायची. देताल?"

खाली राजी त्यांच्या धोतराला धरून उभी होती. तिनं दाण्यांसाठी हात वर केला.

काकांनी मूठ मिटून हात मागं घेतला. सगळ्यांच्या हातांवर त्यांनी पाणी घातलं होतं. त्यांच्या हातांवर कुणी घातलं नव्हतं.