मॅलकीची उचकी

नवरा होता तोवर त्याचं पाइप्स वाजवणं, म्हणजे ते पिशवी-भात्याचं आयरिश वाद्य, मागच्या खोलीत, दार लावून. "बोका कापतोयस का?" असं मी इकडून ओरडायचे. मॅलकी गेला, आणि साठी उलटल्यावर मीच दर रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये त्याच्या पाइप्सची हवेची पिशवी डाव्या काखेत धरून उजव्या कोपराने भाता दाबू लागले.

"पाइप्स यायला एकवीस वर्षं लागतात, डीलिया," शिकवणारा फेस्टस म्हणायचा. "तोवर तू देवाच्या बँडमध्ये असशील."

संगीताचं मला सोयरसुतक नव्हतं. मला त्याची उचकी हवी होती. मॅलकीच्या एका संथ धुनेत खालच्या सुरावर येताना आवाज अडखळायचा, उचकी लागल्यासारखा. तो गेल्यावरही चहाचं आधण ठेवताना ती कधीकधी मागच्या खोलीतून ऐकू यायची. जाऊन बघावं तर पाइप्स पेटीत बंद. मी पेटीवर हात ठेवून उभी राहायचे.

माझ्या हातून मात्र ती उचकी येईना.

"ही सुराची पत्ती गेलीय. जरा तासू दे," फेस्टस म्हणायचा.

"हात लाव, मग बघ! मॅलकीने कापलेली आहे ती." उचकी त्या बोरूच्या पत्तीतच दडलीय, असं मी धरून चालले होते.

हिवाळ्यात शेगडीच्या कोरड्या हवेने पत्ती चिरली. फेस्टसने नवी बसवली. सूर लख्ख आला. मी वाजवायची थांबले, तशी पिशवीतली उरलेली हवा सुस्कारा टाकत निघून गेली. मला वाटलं, मी विधवा झाले ती आज.

चहा ओतायला हॉलच्या आतल्या खोलीत गेले. तेवढ्यात मागून तीच धून, तीच उचकी. किटली तशीच टाकून धावले.

आमच्या वर्गातली, दूधडेअरीत कामाला असलेली ऊना वाजवत होती, स्वतःच्या पाइप्सवर.

आम्हा पाइप्सवाल्यांत धून कुणाकडून घेतली ते सांगावं लागतं. "कुणाकडून घेतलीस गं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मॅलकींकडून," ती घाबरून म्हणाली. "पत्तीचं नव्हतं ते, डीलियाबाई. ते एक बोट मुद्दाम उशिरा टेकवायचे. म्हणायचे, दार बंद असतं ना, मी आत आहे हे तिला कळायला नको का?"

मी तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"कुठलं बोट?"