कानसेनांनी पास केलेल्या गाड्या

गॅरेजवाल्या वस्तादांना सगळे कानसेन म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. जुनी डिझेल गाडी घ्यायची तर आधी ती कानसेनांना दाखवायची, असा त्या बाजूचा शिरस्ताच पडला होता. कागद नंतर, भाव नंतर. वस्तादांनी इंजिनाशी कान नेला, मान हलवली आणि "घ्या" म्हणाले, की माणूस डोळे मिटून गाडी घ्यायचा. "नको" म्हणाले, की विकणाऱ्याने कितीही गयावया केली तरी विषय संपला. वस्तादांना याचा गर्व नव्हता असं कोणी म्हणत असेल, तर तो त्यांना कधी भेटलेलाच नाही.

त्यामुळे लेक सकाळी म्हणाली, "बाबा, एक डिझेल सेडान बघून ठेवलीय, तुम्ही हो म्हणालात तर आजच ठरवते," तेव्हा वस्तादांनी चहा अर्धा टाकला आणि चप्पल घातली. लेक घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम देते. दिवसभर स्कूटरवरून सामान वाहून तिचीच पाठ धरायला लागली होती. पोरगी पहिल्यांदा गाडी घेतेय आणि तीही बापाच्या शब्दावर, म्हटल्यावर ते का थांबतील.

गाडीचा मालक दातांचा डॉक्टर होता. इमारतीच्या तळघरात, खांबाला खेटून, त्याची राखाडी सेडान उभी होती. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," तो आधीच म्हणाला. वस्तादांना असे मालक आवडत.

त्यांनी पहिला हात ठेवला तो बॉनेटवर. थंडगार. "शाब्बास," ते लेकीला म्हणाले, "गरम करून ठेवलेली गाडी असती तर मी इथूनच परत फिरलो असतो. डिझेल कशी आहे ते थंड असतानाच कळतं, नंतर सगळ्याच शहाण्यासारख्या वागतात." मग त्यांनी सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढला आणि मुळाशी चिखलाचा डाग आहे का ते पाहिलं. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी तिथे चुगली करतेच. अपघातात कापून जोडलेली नाही ना, म्हणून दारांची रबरं उचलून कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके पाहिले. पेडलचं रबर किती झिजलंय ते पाहिलं आणि मीटरचा आकडा पाहिला. दोघांचं जमत होतं. चावी फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू झाली. ऑइलचं झाकण उघडून वर तळहात धरला, धूर अंगावर आला नाही. मागे नळीतून निळा धूर नाही, काळा नाही. डॉक्टर हे सगळं तोंडात बोट घालून पाहत होता.

राहता राहिला टर्बो, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. बाकीचे मेकॅनिक पाइप काढून आतला दांडा बोटांनी हलवून बघतात, ढिला झालाय का म्हणून. वस्तादांनी हे कधी केलं नाही. ते काम कान नसलेल्यांचं, असं ते म्हणत. त्यांनी लेकीला ॲक्सिलरेटर दाबायला बसवलं, वाकून कान लावला, डोळे मिटले. घुर्रर्र. भरलेला, एकसारखा, पोटातून येणारा आवाज.

"लोण्यासारखा फिरतोय," ते सरळ होत म्हणाले. "घे."

लेक खाली उतरली नाही. "टर्बोसकट?"

"टर्बोसकट म्हणजे काय? ऐकला की."

"शिट्टी नाही ना?"

"जायला आलेला टर्बोच शिट्टी मारतो. असती तर तुझ्याआधी मला कळली असती."

तेवढ्यात डॉक्टर भाबडेपणाने म्हणाला, "शिट्टी ना? ती आहे. मीच विचारणार होतो तुम्हाला, की डिझेलला ती असतेच का."

"कुठली शिट्टी?" वस्ताद त्याच्यावर उखडलेच. "दातांचं मशीन ऐकून ऐकून तुमच्या कानात बसलंय ते."

लेकीने पुन्हा पाय दाबला. या वेळी तिची नजर इंजिनावर नव्हती, बापाच्या तोंडावर होती. डॉक्टरने कपाळाला आठी घातली. पार लांब, उताराच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमनने मान वळवून इकडे पाहिलं आणि एक बोट कानात घातलं.

वस्तादांनी त्या वॉचमनला पाहिलं. ते परत वाकले. इतके, की गरम पाइपाचा चटका कानाला बसला. घुर्रर्र. बाकी काही नाही. त्यांनी डावा कान लावला. घुर्रर्र.

"आत्ता वाजतेय?" त्यांनी विचारलं.

"वाजतेय, बाबा."

तिने पाय उचलला. डॉक्टर शहाणा माणूस, फोन आल्यासारखं करून जिन्याकडे गेला. वस्ताद बॉनेट धरून उभे राहिले.

"सर्दी झालीय मला," ते म्हणाले. "कानात दडे बसलेत."

"सर्दी नाही, बाबा. दोन वर्षं होत आली. बारीक, वरचे आवाज तुम्हाला येतच नाहीत. तुम्ही शेजारी बसलेले असता आणि कुकर शिट्ट्या मारत राहतो, आई बाथरूममधून धावत येते. दारावरची बेल तिने का बदलली? जुनी चांगली चालत होती. तुम्हाला ऐकू येईल अशी जाड आवाजाची आणली तिने."

वस्तादांना ती बेल आवडली होती. बायकोची निवड बरी आहे असं ते चारचौघांत म्हणालेही होते.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो. मी दोनदा, आई कितीदा तरी. तुम्ही ताट सारून उठलात. गॅरेजमधल्यांची तर तुमच्यापुढे ब्र काढायची हिंमत नाही." ती गाडीतून उतरली. "मला ही गाडी घ्यायची नाहीये. मागच्या आठवड्यात पाहिली तेव्हाच शिट्टी ऐकली. म्हणून तर तुम्हाला हिच्याकडे आणलं."

हीच पोर फ्रॉकमध्ये गॅरेजच्या बाकावर बसून गाड्यांच्या आवाजाच्या नकला करायची.

"बापाची परीक्षा घेतलीस? परक्या माणसासमोर?"

"घेतली," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "तो टॅक्सीवाला घरी येऊन गेला. पांढरी डिझेल, तुम्ही पास केलेली. उतारावर टर्बोचं सील गेलं. इंजिन स्वतःचंच ऑइल प्यायला लागलं, सुसाट सुटलं. याने चावी काढली तरी बंद होईना. मागे बायको आणि लहान मुलगी. शेवटी वरचा गिअर टाकून ब्रेकवर उभा राहिला तेव्हा गाडी गुदमरून बंद पडली. वाचले, बाबा. पण तो भांडायला आला नव्हता. तो विचारत होता की आपलं काय चुकलं, वस्तादांनी तर घ्या म्हटलं होतं."

ती पांढरी गाडी वस्तादांना लख्ख आठवत होती. टॅक्सीवाल्याने पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून त्यांचे दोन्ही हात धरले होते. आणि तिच्यानंतर? शाळेतल्या बाईंची गाडी. दूधवाल्याची. बेकरीवाल्या दोघा भावांची. प्रत्येकीला त्यांनी डोळे मिटून कान लावला होता, आणि प्रत्येकीला भरलेला, एकसारखा आवाज होता. त्यांना वाटलं होतं, हल्ली गाड्याच चांगल्या येतात. त्या सगळ्या गाड्या आत्ता, या घडीला, रस्त्यावर होत्या.

डॉक्टर परत आला. "मग, पसंत आहे ना?"

"टर्बो गेलाय," वस्ताद म्हणाले. "दुरुस्त करेपर्यंत विकू नका, आणि चालवू तर अजिबात नका."

"पण तुम्हीच आत्ता म्हणालात…"

"मला ऐकू येत नाही."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी हे उच्चारलं, आणि तेही एका दातांच्या डॉक्टरपुढे. खिशातला फोन काढून त्यांनी लेकीच्या हातात दिला.

"आधी दूधवाला. तो पहाटेपासून फिरतीवर असतो. गाडी कशी चाललीय विचार."

लेकीने फोन लावला. नमस्कार झाला, विचारणं झालं. मग ती नुसती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, गाडी मस्त आहे. हल्ली जरा शिट्टी वाजते. दुसरा एक गॅरेजवाला म्हणाला होता दाखवून घ्या, पण वस्तादांनी पास केलीय म्हटल्यावर याने लक्ष दिलं नाही."

"आत्ता कुठे आहे तो?"

"गाडीतच आहे, बाबा. चालवतोय."

"थांबव त्याला," वस्ताद म्हणाले. "आधी थांबव."