कालचीच रांगोळी

शांतम्माच्या दारातली रांगोळी वाचता येणारा जगात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे तिचा नवरा. बाकी गल्लीला ती नुसती दिसायची. पोरी येता-जाता मोबाईलवर फोटो काढायच्या, स्टेटसला ठेवायच्या, "अक्का, लई भारी" म्हणायच्या आणि कॉलेजला पळायच्या. बसवराजअप्पांचं तसं नव्हतं. उदगीरच्या बाजारात चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलेला माणूस. कुठल्या साडीचा काठ कुठल्या लग्नसराईत खपला हे त्यांना तोंडपाठ. सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून, चपलेत पाय सरकवताना ते उंबऱ्यात थांबायचे आणि अंगणाकडं बघून निकाल द्यायचे.

"आज माहेरची आठवण झालेली दिसतीया. कामून, भावाचा फोन आला न्हाई?"

नाहीतर, "बाबो! आज आमच्यावर राग हाय. दुपारी जेवायला येऊ, का दुकानातच काही खाऊ?"

आणि ते खरं निघायचं, ह्याचाच तिला जास्त राग यायचा. तोंडानं बोलायची तिला सवय नव्हती. नऊ माणसांच्या घरात धाकटी सून म्हणून आलेल्या बाईला बोलायला कोण देतंय? तिचं सगळं चिमटीतून खाली उतरायचं. सासूनं बोल लावला की दुसऱ्या दिवशी नागमोडी रेघा एकमेकींत अशा अडकायच्या की सुरुवात कुठली ते कळू नये. मन हलकं असलं की ठिपके लांब लांब पडायचे. पोटात काहीतरी ढवळत असलं की हात चालतो, मग ते सुख असो की दुःख, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. लग्नाच्या छत्तीस वर्षांत एक रांगोळी दुसऱ्यांदा काढायची नाही, ही तिची ऐट. दोनदा ती चुकली होती, एकदा तापात आणि एकदा तान्ह्या लेकराच्या जागरणानं. दोन्ही वेळा अप्पांनी उंबऱ्यातूनच पकडली. "ही कालचीच हाय की!" म्हणून ते पोट धरून हसले, आणि तिनं फणकाऱ्यानं ती पुसून नवी काढली.

सासू गुरम्मा गेली तेव्हाची गोष्ट गल्लीत अजून सांगतात. आदल्या दिवशी तिला पुरून समाधी दिली होती आणि शांतम्मा कोपऱ्यात मुकी बसली होती. अप्पांनी स्वतः रांगोळीचा डबा आणून तिच्या पुढ्यात ठेवला. "काढ," म्हणाले, "आपल्या लिंगायतांत सूतक न्हाई." शेजारणी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या, त्यांच्या घरी मयत झालं की दहा दिवस अंगण कोरं राहायचं. शांतम्मानं उंबऱ्यापासून फाटकापर्यंत एक लांब पट्टी काढली. सासूच्या इरकल साडीचा काठ, आणि शेवटी लाल रंगावर पदराचे पांढरे दाते. तोवर अप्पांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ते पायरीवर बसले आणि लहान लेकरासारखे रडले.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी तिनं नवा कोरा मोर काढला आणि अप्पा म्हणाले, "ही कालचीच हाय की!"

तिला वाटलं, चेष्टा करतायत. "काल कमळ होतं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं वेल काढली, ते तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशीही तेच. मग ती भांडली, दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्याच आठवड्यात अप्पा दुकानातून घरी यायची वाट चुकले. चाळीस वर्षांची वाट, आणि मुलगा शिवकुमारला ते बसस्टँडवर सापडले. शिवकुमारनं त्यांना लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. औषधानं फार तर सावकाश वाढेल. घरातल्या रोजच्या ओळखीच्या गोष्टी मात्र चालू ठेवा.

बाकी सगळं शिवकुमारनं ऐकलं. शांतम्मानं शेवटच्या वाक्याची तेवढी पदराला गाठ मारली.

त्या दिवसापासून ती इरेला पेटली. त्यांनी आपलं नाव विसरावं, लेकाला ओळखू नये, हे सगळं तिनं मनात सोसून ठेवलं. फक्त एकदा उंबऱ्यात उभं राहून त्यांनी बरोबर ओळखावं, आज राग हाय, आज तू रडलीस. एवढं एकच तिला पाहिजे होतं. दिवाळी ते शिवरात्र तिनं जे काढलं ते तिच्या सगळ्या आयुष्यात काढलं नव्हतं. देवावर चिडून काढलं, डॉक्टरवर चिडून काढलं. गल्लीतल्या पोरी म्हणाल्या, "अक्का, आजकाल काय सुचून राहिलंय तुम्हाला!" अप्पा रोज नव्या रांगोळीपुढं उभे राहायचे, तोंडभर हसायचे आणि म्हणायचे, "ही कालचीच हाय की!"

शिवकुमारला आईचे हाल बघवेनात. त्यानं बाजारातून रांगोळीचा छापा आणला, जाळीचा, भुकटी भरून दाबला की कमळ तयार. "अव्वा, बास की आता. गुडघे बघ तुझे. अप्पाला कुठं काय कळतंय?"

तिनं छापा कोनाड्यात फेकला. लेकाशी ती कधी एवढी वाईट बोलली नव्हती.

चैत्रात एके दिवशी तिनं शेवटचा डाव टाकला. पहाटे उठून सडा घातला आणि उंबऱ्यापासून फाटकापर्यंत तोच इरकलीचा काठ काढला. छत्तीस वर्षांची ऐट तिनं स्वतः मोडली. सासूची साडी ट्रंकेतून काढून शेजारी ठेवली होती, एक दाता चुकू दिला नाही. दोन तास लागले. मग ती पायरीच्या बाजूला उभी राहिली.

अप्पा आले. विभूती शिवकुमारनं लावून दिली होती, एका बाजूला जास्त झाली होती. त्यांनी खाली बघितलं, बराच वेळ बघितलं.

"ही कालचीच हाय की!" ते हसले, आणि पट्टीवरून चालत फाटकापर्यंत गेले. पदराच्या दात्यांवर चपलेचे ठसे उठले. मागं वळून त्यांनी ते बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सडा घातला आणि डबा घेऊन बसली. चिमटीत भुकटी धरली, पण ठिपका पडेना. राग आणून बघितला, आला नाही. रडू येईल म्हणून थोडी थांबली, तेही आलं नाही. आतलं सगळं विरजण न लागलेल्या दुधासारखं पातळ पडलं होतं. पोटात काही ढवळतच नव्हतं, तर हात चालणार कशाच्या जोरावर? तिला पहिल्यांदा वाटलं, आपल्यात सूतक असतं तर बरं झालं असतं. दहा दिवस कुणी काही काढायला सांगितलं नसतं. तिनं डब्याचं झाकण लावलं.

दूध घालणारी सरजाबाई फाटकात आली आणि अंगण बघून जागीच थबकली.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "कधी झालं ओ? रात्रीच का? कुणी सांगितलं बी न्हाई मला…"

"न्हाई गं," शांतम्मा म्हणाली. "बरे हायत. आत बसलेत."

"मग अंगण कामून कोरं?"

तेवढ्यात आतून चपलेचा आवाज आला. अप्पा उंबऱ्यात येऊन उभे राहिले. सरजाबाईच्या जिवात जीव आला, ती बाजूला सरकली. शांतम्मा मात्र नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. काल मेलेली आशा ह्या कोऱ्या अंगणानं परत उठवली होती. आता तरी विचारतील, आज काय झालं, रांगोळी कुठं हाय?

अप्पांनी ओल्या, मोकळ्या जमिनीकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. त्यांचा चेहरा खुलला.

"ही कालचीच हाय की!"

सरजाबाईनं मान खाली घातली. शांतम्मानं पुढं होऊन त्यांच्या कपाळावरची वाकडी विभूती पदरानं सारखी केली.

"हाव," ती म्हणाली. "कालचीच हाय."

मग ती आत गेली, कोनाड्यातला छापा काढला आणि त्याच्यावरची धूळ झटकून अंगणात आणला. भुकटी भरून तिनं तो जमिनीवर एकदा दाबला, उचलला, आणि दूध तापवायला निघून गेली.