आण इकडे

वर्कशॉपमध्ये माझं नाव 'आणइकडे' पडलं आहे. पाठीमागे म्हणतात, पण मला कळतं. वायरिंगच्या वर्गात मी मास्तरांची मदतनीस. कुणाला वायर सोलता येत नाही, कुणाचा स्क्रू आडवा बसतोय असं दिसलं की माझे हात शिवशिवायला लागतात. 'आण इकडे' म्हणते आणि काम उरकून मोकळी होते. काम फक्कड होतं. शिकत मात्र कुणीच नाही, असं मास्तर गेली नऊ वर्षं मला ऐकवत आलेत.

तरी परदेशातल्या त्या कोर्सची माहिती त्यांनीच आणली. हातातली कामं शिकणाऱ्यांना मदत कशी करायची, याचं वर्षभराचं रीतसर शिक्षण. वाचता वाचता मी अशी हरखले की समोरचा चहा प्यायचाच राहिला. अर्ज भरला, दाखले जोडले. राहिला व्हिडिओ. दहा मिनिटांचा, मध्ये कुठेही न कापलेला. ज्याने ते काम जन्मात केलेलं नाही अशा माणसाकडून ते पूर्ण करून घ्यायचं, आणि अर्जदाराचा हात ना कामाला लागला पाहिजे, ना अवजाराला.

काम मी निवडलं प्लग बसवण्याचं. आमचे विद्यार्थी बाद, कारण तो त्यांचा पहिलाच धडा. रखवालदाराला बसवलं. चौथ्या मिनिटाला माझा हात आत. ऑफिसातल्या बाईंना बसवलं. दुसऱ्याच मिनिटाला हात आत! शुक्रवार उजाडला. संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

जेवणाच्या सुट्टीत ताई आली. माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. चौकात तिचं इस्त्रीचं दुकान आहे. तिने पिशवीतून इस्त्री काढली आणि टेबलावर आदळली.

"प्लग जळला परत. कर पटकन, गिऱ्हाईक खोळंबलंय."

खरं तर 'आण इकडे' मी हिच्याकडूनच उचललंय. माझी वेणी, माझी वही, माझ्या बुटाची नाडी, सगळं ती माझ्या हातातून ओढून घ्यायची. फक्त विजेला घाबरते. दिवसभर इस्त्री चालवते, पण बटण अजून रुमाल धरून दाबते.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी लगेच खिशातून फोन काढला.

"ताई, आज प्लग तू बसवायचा."

"वेड लागलंय का तुला?"

"हो."

मी स्टुलावर बसले आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबले. मास्तरांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. ताईने शिव्या घालत जळका प्लग कापून टाकला आणि वायर सोलायला घेतली. तिसऱ्या मिनिटाला मला दिसलं की नव्या प्लगची टोपी टेबलावर तशीच पडली आहे. वायर आधी टोपीच्या भोकातून ओवायची असते, नाहीतर शेवटी सगळं सोडवावं लागतं. ही चूक प्रत्येक नवशिका करतो, आणि एकदा केली की पुन्हा कधी करत नाही. मीही केली होती. ओठांवर आलेलं मी गिळलं. मास्तरांनी फोनच्या आडून डोळे वटारले. बोल म्हणत होते की गप्प बस, देव जाणे.

"हिरवी कुठे लावू?"

"सगळ्यात मोठी पिन कुठली दिसतेय तुला?"

"ही." तिने लावली. मग लाल, मग काळी. सात मिनिटं झाली होती. "झालं!" म्हणत ताईने टोपी उचलली. ती बसेना. ताईने वायरकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुला दिसत होतं?"

"हो."

"आणि मजा बघत बसलीस?" तिने स्क्रूड्रायव्हर आपटला. "करून टाकायचं ना सरळ! उद्या तू विमानात बसशील. मग मी हा प्लग घेऊन कुणाच्या दारात जाऊ?"

हे सगळं रेकॉर्ड होत होतं. माझे डोळे भरून आले आणि पुसायला हात काढायची भीती वाटली. हात सुटला असता तर थेट प्लगवरच गेला असता.

"कुणाच्याच नाही," मी म्हटलं. "आता सांग, टोपी वायरवर कुठून चढेल?"

ताईने नाक ओढलं. स्क्रूड्रायव्हर उचलला. तिन्ही स्क्रू सोडवले, वायर टोपीतून ओवली, हिरवी, लाल, काळी. यावेळी एक अक्षरही विचारलं नाही. सात मिनिटांचं काम तिने दीड मिनिटात केलं. मास्तरांनी एका हाताने तपासून मान डोलावली. ताईने प्लग लावला आणि रुमाल न धरता बटण दाबलं. इस्त्रीचा लाल दिवा लागला. ताई ओरडली, मी ओरडले, मास्तरही ओरडले. रडारड, भांडण, सगळ्यासकट व्हिडिओ पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी मी ताईच्या दुकानात असताना फोन वाजला. मेल आला होता.

"आण इकडे!" ताईने तो हिसकावला, परकी अक्षरं बघितली आणि परत दिला. "वाच."

पहिलाच शब्द अभिनंदन होता. मी अशी उडी मारली की शर्टांचा गठ्ठा कोसळला. प्रवेश मिळाला होता! होकाराचा फॉर्म तेवढा भरायचा होता. आनंदाच्या भरात स्वतःचंच नाव दोनदा चुकलं. दुकानात तीन माणसं कपड्यांसाठी उभी होती.

ताईचा हात पुढे आला. "आण..." म्हणाली आणि थांबली. मग ती बाकावर बसली आणि तिने दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबले.

"भर सावकाश," ती म्हणाली. "गिऱ्हाईक थांबेल."