दोन्ही पाय हवेत

घशाच्या ऑपरेशननंतर कोचबाईंचा आवाज गेला तो गेलाच. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धावणाऱ्या मुलीला त्यांचे हातवारे काय दिसणार? क्लबच्या सेक्रेटरींनी स्पष्ट सांगितलं, रविवारच्या चाचणीत दोघींचं जमलं नाही तर मुलगी दुसऱ्या कोचकडे जाईल.

मुलगी तडक मामाच्या दुकानात आली. मामा मोबाइल दुरुस्त करायचा. जुन्या फोनमधली थरथरणारी मोटर त्याने कमरेच्या पट्ट्यात बसवली आणि काडेपेटीएवढी बटणाची डबी कोचबाईंच्या हातात दिली. एक थरथर म्हणजे वेग धर, दोन म्हणजे सुसाट. टेबलावर पट्टा असा गुरगुरला की शेजारचे स्क्रू नाचायला लागले. मामाची स्वारी खूश.

मैदानावर मात्र फजिती झाली.

"मामा, काही कळलंच नाही."

"दुकानात तर कळत होतं!"

"तेव्हा मी उभी होते. धावताना अख्खं अंग हादरतं. का उभ्याउभ्या शर्यत ठेवायला सांगू?"

कोचबाई पोट धरून बिनआवाजी हसल्या. मग त्यांनी डाव्या तळव्यावर उजव्या हाताची दोन बोटं पळवली आणि दोन्ही उचलून मध्येच थांबवली. मामाला अर्थ लागेना. त्यांनी फोनवरचा तिचा व्हिडिओ अगदी सावकाश लावला. प्रत्येक पावलागणिक एक क्षण असा येत होता की मुलीचा जमिनीशी काही संबंधच नव्हता.

"अगं, तू तर उडतेस!"

"सगळेच उडतात, मामा."

लहानपणापासून तो तिला धावताना पाहत आला होता. हे कधी दिसलंच नव्हतं.

अंग हादरतं ते पाय टेकताना. मग थरथर त्या अधांतरी क्षणीच पोचवायची. पाऊल ओळखणारा तुकडाही जुन्या फोनमध्येच सापडला. तो नीट चालतो का हे समजावं, म्हणून तिच्या पावलाचा हलकासा ठोका डबीतही उमटेल अशी सोय मामाने केली.

रविवारी मुलगी पलीकडच्या वळणावर पोचली. कोचबाईंचे डोळे मिटलेले, अंगठा बटणावर. अचानक त्यांनी मामाचा हात ओढून आपल्या मुठीवर ठेवला. टक, टक, टक. एवढ्या लांबची भाची त्याच्या तळव्याखाली धावत होती.

कोचबाईंनी बटण दोनदा दाबलं.

ठोके उसळले. पलीकडे मुलगी पुढच्या दोघींना मागे टाकत होती.

"हिला सांगितलं कधी तुम्ही?" सेक्रेटरी चक्रावून म्हणाले. कोचबाईंनी मूठ दाखवली. सेक्रेटरींनी ती चाचपून पाहिली. मग म्हणाले, "राहू दे मुलगी तुमच्याकडेच."

मामाचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने डबी मागून घेतली होती. शर्यत संपली, ठोके संथ झाले, चालीचे झाले, तरी त्याने मूठ उघडली नाही.